शोभेची सुरी शिकायची तर लोहाराच्या भट्टीवर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरांतील काही तरुण मंडळी अलीकडे हौसेने लोहारकामाकडे वळत आहेत आणि चित्रफिती पाहून, घरच्या अंगणात लहानशी भट्टी मांडून, पहिलीच वस्तू म्हणून शोभेची सुरी घडवायला घेत आहेत. या हौसेचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र हे शिक्षण जवळच्या लोहाराकडे आणि त्याला शिकवण्याचा रास्त मोबदला देऊनच व्हावे, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे.

सुरुवात लोखंडाच्या निवडीपासून होते. बाजारातील साध्या लोखंडी पट्टीत कार्बन बहुधा पाव टक्क्याहून कमी असतो. तिला आकार कितीही सुबक दिला तरी पाणी चढत नाही, म्हणजे तापवून बुडवल्यावर ती कठीण होत नाही, आणि धार टिकत नाही. कोयते घडवणारे आपल्याकडचे लोहार म्हणूनच गाडीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद वापरतात, ज्यात अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन असतो. जस्ताचा मुलामा असलेला तुकडा नवशिक्याने अजाणता भट्टीत टाकला, तर त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो, हेही त्याला वेळीच कोणीतरी सांगायला हवे.

पुढचे सारे काम तावावर अवलंबून असते. पोलाद नारिंगी असेपर्यंत ठोकायचे आणि लाली काळवंडू लागली की पुन्हा भट्टीत सारायचे. थंडावलेल्या पात्यावर हातोडा चालवत राहिल्यास चिरा पडतात. धारेची बाजू ठोकून पातळ करताना ती लांबते आणि पाते पाठीकडे वाकू लागते, म्हणून जाणता लोहार आधीच ते धारेच्या बाजूला किंचित वाकवून ठेवतो. शेजारी उभे राहून पाहिल्याखेरीज ही गोष्ट हातात उतरत नाही.

शोभेविषयीही थोडे लिहितो, कारण येथेच उत्साह भरकटतो. पोलादाच्या थरांची नक्षी किंवा सोन्यारुप्याचे तारकाम ही स्वतंत्र कसबे असून त्यांना वर्षे द्यावी लागतात. नवशिक्याने मुठीचा चौकोनी भाग सर्वत्र सारखा तापवून त्याला एकसारखा पीळ द्यावा आणि टोकाला वळसा काढावा, एवढे पुरेसे सुंदर दिसते. ताव कमीजास्त झाला तर जास्त तापलेल्या जागी पीळ दाट पडतो आणि हाताची कच्ची बाजू लगेच उघडी पडते. माझ्या मते शिकण्यासाठी याहून प्रामाणिक नक्षी नाही.

पाणी देणे हा सर्वांत नाजूक टप्पा होय. सुमारे 770 अंश सेल्सिअसला पोलादाला चुंबक धरेनासा होतो. त्याहून थोडे अधिक तापवून पाते तेलात बुडवतात. तेव्हा ते कठीण पण ठिसूळ झालेले असते, म्हणून घासून उजळ केलेले पाते पुन्हा दोनशे ते सव्वादोनशे अंशांपर्यंत हळूहळू तापवतात आणि त्यावर गवती पिवळा रंग चढला की थांबतात. हे रंग अचूक ओळखण्यासाठीच हे काम सावलीत करतात.

कायद्याचे भानही हवे. शस्त्र अधिनियम, 1959 आणि 2016 च्या नियमांनुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची, घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगाची नसलेली सुरी शस्त्रांत मोडते आणि शस्त्रे बनवण्यास परवाना लागतो. शिकाऊ माणसाने पाते पाच-सहा इंचांचेच ठेवावे.

केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत 2023 पासून लोहारकामाचा समावेश आहे आणि नोंदणीकृत कारागिराला प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. तयार कोयते-विळे बाजारात आल्याने ज्यांच्या भट्ट्या आठवड्यातून मोजकेच दिवस पेटतात, त्या कारागिरांना शिकवण्यातूनही उत्पन्न मिळू शकेल. यासाठी जिल्हा उद्योग केंद्रांनी शिकवण्यास तयार असलेल्या लोहारांची तालुकावार यादी आणि किमान मानधन जाहीर करावे, तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सुट्टीच्या दिवशी आपल्या कार्यशाळा या वर्गांसाठी खुल्या कराव्यात, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा