पंधरा मिनिटांत खाली येणारं रॉकेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तळजाईला सकाळी आमचा कट्टा जमतो, तिथे परवा एकाने विचारलं की नासाचं एसडीओ यान २०१० पासून सूर्याकडे टक लावून बसलंय तर मग पंधरा मिनिटांत खाली येणारं छोटं रॉकेट कशाला उडवतात, पैसा जास्त झालाय का? सगळे हसले. मी नाही हसलो, माझी उभी नोकरी भोसरीत गेज कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते तपासण्यात गेली.

शॉपवरचा मायक्रोमीटर वापरून झिजतो, म्हणून ड्यू डेटला मास्टरशी, म्हणजे खात्रीच्या मापाशी ताडायचा आणि स्टिकर लावायचं. यानावरच्या अल्ट्राव्हायोलेट (अतिनील) प्रकाश मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचं तेच, फक्त तो काढून लॅबला पाठवता येत नाही. यंत्राच्या आतल्याच गोंद-तेलाची वाफ फिल्टरवर, आरशावर बसते, त्या उन्हात भाजून पक्की होते, डिटेक्टरही थकतो. मग आकडा उतरला तर सूर्य मंदावला का आपला चष्मा मळला, कळणार कसं?

म्हणून तसलंच दुसरं यंत्र रॉकेटमध्ये घालून न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून सोडतात. वर मिळतात जेमतेम पाच मिनिटं, तेवढ्यात यान आणि रॉकेट दोघं एकाच वेळी सूर्य मोजतात, मग हे पॅराशूटने खाली येतं आणि पुन्हा तपासायला जातं. त्याचा मास्टर म्हणजे मेरिलँडमधला सर्फ नावाचा सिंक्रोट्रॉन, इलेक्ट्रॉन गोल पळवायचे आणि त्यातून किती प्रकाश निघणार ते चक्क हिशोबाने काढायचं. आमच्या स्लिप गेजला, म्हणजे मापाच्या ठोकळ्यांनासुद्धा वरच्या लॅबचं सर्टिफिकेट लागायचं हो, इथे गणितच सर्टिफिकेट! आणि खाली पडण्याचं म्हणाल तर सूर्याचा पहिला अल्ट्राव्हायोलेट वर्णपट ऑक्टोबर १९४६ मध्ये मिळाला तोही पडलेल्या व्ही-२ रॉकेटच्या शेपटातली फिल्म काढूनच.

आता तक्रार. आपल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बनलेला सूट टेलिस्कोप २ सप्टेंबर २०२३ ला इस्रोच्या आदित्य-एल१ यानावरून गेला, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्य बघतो, त्याचे फोटो सगळ्या पेपरांनी छापले (रंग नंतर भरलेले, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही). पण त्याचा चष्मा मळला तर कसं ओळखतात, ताडून कशाशी बघतात, यावर एक ओळ माझ्या तरी वाचनात आली नाही. आयुका विद्यापीठाच्या आवारातच आहे, आपल्या वार्ताहराला रिक्षाने पाठवा, भाडं मी देतो.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर, सहकारनगर, पुणे