इन्सुलिन देता, तर पट्टीही द्या

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. इन्सुलिनची बाटलीही फुकट मिळते. (साठा असतो तेव्हा. 'संपलंय, सोमवारी या' हे आम्हाला पाठ आहे, पण ते रडगाणं आज नको.) आज बोलायचंय ते ग्लुकोमीटरच्या, म्हणजे बोटाच्या थेंबभर रक्तातली साखर मोजणाऱ्या छोट्या यंत्राच्या, पट्टीबद्दल.

मी टाइप १ मधुमेहाचा (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) पेशंट, शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर. सकाळी ३०-७० ची (जलद आणि हळू चालणाऱ्या इन्सुलिनच्या मिश्रणाची) बाटली तळहातांत घोळवायची, गढूळपणा एकसारखा झाला की सुईत ओढायचं. किती ओढायचं, हे कशावर ठरवू? शुगर ६० असताना रोजचा डोस टोचला तर माणूस जागेवर आडवा होऊ शकतो. २६० असताना कमी पडला तर दिवसभर तहान आणि लघवी. डॉक्टर म्हणतात, दिवसातून चारदा तरी तपासा. एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते. महिन्याचा हिशेब दोन हजारांच्या आसपास जातो. म्हणून लोक अंदाजाने टोचतात. अंग जड वाटलं की वाढली, घाम फुटला की उतरली. त्यात वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्या काहींना शुगर उतरल्यावर घामही फुटेनासा होतो. मग घरच्यांना कळतं ते पेशंट बरळायला लागल्यावर.

आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात. गल्लीतली एक मावशी इन्सुलिनवर आहेत, तरी नवऱ्याबरोबर कोयत्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, न जाऊन सांगतात कोणाला? कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, फ्रीज कुठला? ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली मडक्यात ठेवतात, आणि ते बऱ्यापैकी चालतंही. अडचण वेगळीच आहे. पहाटेपासून तोडणी, मग डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरायची. एवढ्या कष्टाने शुगर झपाट्याने उतरते, कधी कधी तर रात्री झोपेत. घरी लागतो तो डोस फडात जास्त होतो. किती कमी करायचा, हे पट्टीशिवाय कळणार कसं? मावशींनी आपला उपाय काढलाय: तोडणीच्या दिवसांत संध्याकाळचं इन्सुलिन बंद. शुगर मग महिनोन् महिने चढलेली राहते आणि त्याची किंमत पाय, डोळे आणि किडनी मोजतात.

दाखल व्हायची वेळ आली तर फुले जन आरोग्य योजना आहे. ती वेळ लांबवणारी पट्टी मात्र आमच्याकडे कुठल्याच आरोग्य केंद्रात घरी न्यायला मिळत नाही. केंद्रात तपासून घ्या, असं उत्तर येईल. केंद्र दहा वाजता उघडतं, साहेब. सकाळचं इन्सुलिन नाश्त्याआधी घ्यायचं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. चांगलं झालं. पण ज्याला पट्टी परवडतच नव्हती, त्याचं एवढ्याने भागत नाही.

सिरिंजचंही एकदा बघा. सरकारी बाटली ४० युनिटची (एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट) असते, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. मेडिकलवाल्याने एकदा मला नारिंगी टोपणाची, १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची दिली. तिच्यात २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. बाटलीबरोबर योग्य सिरिंज तिथेच हातात पडली तर हा घोळच होणार नाही.

१४ नोव्हेंबरला, मधुमेह दिनाला, आपल्याकडे रॅली निघतात. तो इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांचा जन्मदिवस. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. त्यांची आठवण काढायचीच, तर एका वर्षीचा बॅनरचा खर्च पट्ट्यांकडे वळवायला हरकत नसावी.

जो इन्सुलिनवर आहे, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातून मीटर आणि महिन्याच्या पट्ट्या द्या. सगळ्यांना एकदम जमत नसेल तर टाइप १ ची मुलं आणि गरोदर बाया यांच्यापासून सुरुवात करा. आणि तोडणीला जाणाऱ्यांना दोन महिन्यांचं सामान एकदम मिळू द्या, त्यांचं कार्ड सांगली-कोल्हापूरच्या केंद्रातही चालू द्या. तिथे 'तुमची नोंद बीडची आहे' म्हणून माणूस परत पाठवला जातो. एका परिपत्रकाचं काम आहे, आणि ते गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधी निघायला हवं.

आपला,
इन्सुलिनवर असलेला एक नागरिक,
जि. बीड