बाबांचं पायथन आणि आईची भिशी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, पायथन ही संगणकाचे प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला रद्दीवाल्याकडून आणलेल्या पुस्तकाचं नुसतं मुखपृष्ठ फोटोत दिसतंय. आत प्रिंट या शब्दापुढे कंस आहे का, ते आधी बघा. कंस नसेल तर पुस्तक पायथन २ चं आहे. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. लॅपटॉपवर ३ आहे. विसरलेला कंस संगणक लगेच दाखवतो, त्याची भीती नाही. भीती आहे ती गुपचूप बदललेल्या गोष्टींची. जुन्या पुस्तकात ७/२ चं उत्तर ३ छापलेलं असेल, तुम्हाला ३.५ दिसेल, आणि तुम्ही तासभर स्वतःचीच चूक शोधत बसाल. ३ हवे असतील तर आता दोन तिरप्या रेघा द्यायच्या: ७//२. कंस नसलेलं पुस्तक निघालं तर सरळ रद्दीत परत द्या.

आई, मुखपृष्ठावरच्या सापाकडे लक्ष देऊ नकोस. नेदरलँड्सच्या ग्विडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये ही भाषा बाहेर आणली, तेव्हा नाव घेतलं ते एका ब्रिटिश विनोदी मालिकेवरून. उदाहरणांत मध्येच स्पॅम आणि एग्ज येतात तीही तिथूनच.

आयडल, म्हणजे पायथनसोबत येणारा लिहायचा प्रोग्राम, उघडला की तीन बाणांची (>>>) खिडकी दिसते. ती पाटीसारखी आहे: एक ओळ लिहा, एंटर दाबा, उत्तर बघा, खिडकी बंद केली की सगळं पुसलं. पुस्तकात ओळीच्या सुरुवातीला छापलेले बाण टाइप करायचे नाहीत. ठेवायचा प्रोग्राम फाइल मेनूतल्या न्यू फाइलमध्ये लिहा आणि एफ-५ दाबा (तुमच्या लॅपटॉपवर एफएन धरून). फाइलवर डबल क्लिक करू नका. काळी खिडकी उघडून डोळा लवायच्या आत मिटते. आणि पुस्तकात टर्टलने चित्रं काढायचा धडा असेल तर फाइलला टर्टल हे नाव देऊ नका. नाहीतर पायथन खऱ्या टर्टलऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि म्हणतो, यात असलं काही नाही.

आता खरा अभ्यास. मुदत ठेवीचं गणित घ्या, म्हणजे उत्तर पावतीशी ताडून बघता येईल. तिमाही चक्रवाढ, ७ टक्के, ५ वर्षं:

मुद्दल = १०००००
दर = ७
वर्षं = ५
रक्कम = मुद्दल * (१ + दर/४००) ** (४ * वर्षं)
प्रिंट(राउंड(रक्कम, २))

उत्तर १४१४७७.८२ यायला हवं. प्रिंट आणि राउंड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचे. मुद्दल, दर, रक्कम ही नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात, पायथन ३ मान्य करतो. प्रोग्राममधले आकडे इंग्रजीच हवेत. गंमत म्हणजे इनपुटने (प्रोग्राम चालू असताना प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेने) विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही देवनागरी ५००० दिलेत तर इंट (अक्षरांचा पूर्णांक करणारी आज्ञा) त्याचे बिनतक्रार पाच हजार करतो.

घातांकाला दोन फुल्या. वहीत किंवा एक्सेलमध्ये आपण टोपीचं चिन्ह (^) वापरतो, पण पायथनमध्ये तिचा अर्थ वेगळा. २ टोपी ३ केलंत तर ८ नाही, १ येतो.

सगळ्यात फसवा आहे आपला स्वल्पविराम. सवयीने मुद्दल = १,००,००० लिहिलंत तर पायथन त्या ओळीवर अजिबात तक्रार करत नाही. त्याला ते लाख रुपये दिसतच नाहीत. एक, शून्य आणि शून्य असे तीन सुटे आकडे एकत्र बांधून ठेवतो. बोंब होते तीन ओळी पुढे, गुणाकारात, आणि तुम्ही शोधत राहता सूत्रातली चूक. लाख डोळ्यांना कळायला हवे असतील तर स्वल्पविरामाच्या जागी खालची रेघ द्या: १_००_०००. ती चालते.

इनपुटमधून जे येतं ते अक्षरं म्हणून येतं, आकडा म्हणून नाही. वय विचारून ७२ टाकलेत आणि दोनाने गुणलंत तर १४४ नव्हे, ७२७२ येईल. म्हणून इंट(इनपुट()) असं एकात एक लिहायचं.

आई, तुझ्या भिशीच्या बारा जणींसाठी फॉरचा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायचा धडा बघ. रेंज(१, १२) लिहिलंस तर मोजणी ११ वर थांबते आणि बारावीचा नंबर लागतच नाही. शेवटचा आकडा धरत नाहीत, म्हणून १३ लिहायचं. फॉरच्या ओळीच्या शेवटी अपूर्णविराम हवा. तो दिलास की एंटरनंतर आयडल पुढची ओळ आपोआप चार जागा आत घेतं. आत असलेलं सगळं बारा वेळा होतं, समासाला चिकटलेलं एकदाच. प्रिंट आत आहे की बाहेर, यावरच बारा ओळी येतात की एक, ते ठरतं. आत घ्यायला कधी टॅब, कधी स्पेस असं मात्र करू नकोस.

लाल अक्षरं आली की खालून वर वाचा. तळाच्या ओळीत काय चुकलं, तिच्या वर कोणत्या ओळीत. त्या ओळीत काहीच सापडलं नाही तर आदल्या ओळीतला कंस मोजा, बहुतेक मिटवलेला नसतो. संदेशांचे शब्द पुस्तकाशी जुळले नाहीत तरी गोंधळू नका, २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून ते बरेच सुधारलेत.

पुस्तकाचं पारायण नको. रोज चार पानं पुरेत, पण प्रत्येक उदाहरण हाताने टाइप करा आणि एक आकडा बदलून पुन्हा चालवा. लिस्ट, डिक्शनरी आणि फंक्शन या तिन्हींवर हवे तेवढे दिवस घालवा. क्लासचा धडा पहिल्या फेरीत खुशाल सोडा.

अडलात तर स्क्रीनचा तिरका फोटो नको. लाल मजकूर पूर्ण कॉपी करून प्रोग्रामसकट पाठवा, रविवारी फोनवर बघू. बाबा, ऑप्शन्समध्ये जाऊन अक्षरं १६ ची करून घ्या, आईला चष्म्याशिवाय दिसतील.

तुमची,
लेक