९ युनिट वीज आणि तुझी इंजिन रूम

पुणे,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फुजैराहून केलेला तुझा फोन ऐन रंगात आला आणि तुटला. तू विचारलेला प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळतोय. फोनवर सांगण्याइतका तो लहान नाही, म्हणून लिहायला बसलो. वहिनी पुढच्या सामानाबरोबर हे पत्र एजंटकडे देणार आहेत.

तू म्हणालास, "अमेरिकेकडे लेसर आहे ना? मग तांबड्या समुद्रात हूथी बंडखोरांच्या त्या स्वस्तातल्या ड्रोनवर वीस लाख डॉलरचं एकेक क्षेपणास्त्र का उडवतात?" तुझ्या आवाजातला वैताग मला कळला. २०२३च्या डिसेंबरात 'केम प्लुटो' ही टँकर नौका ड्रोनचा मार खाऊन मुंबईला आली. पुढच्या महिन्यात, २६ जानेवारीला, एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' ही दुसरी टँकर नौका पेटली. तिच्यावर २२ भारतीय होते आणि आग विझवायला आपली 'आयएनएस विशाखापट्टणम' धावली. त्या रात्री तुझं जहाज नेमकं कुठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. वहिनींचे तीन फोन आले होते. तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते मी वाचत आलोय.

लेसर नवा नाही. २०१४ साली अमेरिकी नौदलाने 'पॉन्स' नावाच्या जुन्या जहाजावर ३० किलोवॅटचा लेसर बसवून ते इराणच्या आखातात नेलं. आत होतं काय, तर कारखान्यात पत्रा जोडायला वापरतात त्या जातीचे सहा फायबर लेसर, सगळ्यांचा झोत एकाच ठिकाणी आणलेला. समोरच्या लहान होडीवरचं लक्ष्य त्याने पेटवलं, ड्रोन पाडलं. २०२०च्या मे महिन्यात 'पोर्टलँड'ने प्रशांत महासागरात १५० किलोवॅटच्या लेसरने ड्रोन पाडलं. त्यानंतर 'प्रेबल' या विनाशिकेवर ६० किलोवॅटचा लेसर कायमचा बसला आणि त्यानेही चाचणीत ड्रोन पाडलं. म्हणजे जमतं, यात शंका नाही. मग अकरा वर्षं कशात गेली?

ती तुझ्या खात्यात गेली, सुहास. वर डेकवरची दुर्बिणीसारखी नळी फोटोत दिसते, पण अडतं सगळं खाली, इंजिन रूममध्ये. मला तुला एवढंच सांगायचंय.

हिशेब बघ. १५० किलोवॅटचा झोत बाहेर टाकायचा, तर घेतलेल्या विजेचा साधारण एक तृतीयांश भागच प्रकाश होतो असं धर. म्हणजे ४५० किलोवॅट घ्यायचे आणि ३०० किलोवॅट उष्णता म्हणून पोटात ठेवायचे. तुझ्या भाषेत सांगायचं तर पाणी थंड करणाऱ्या चिलरवर ८५ टनांचा भार एकदम येऊन पडतो. घरच्या दीड टनाच्या एसीत मोजलं तर ५७ एसी! एरवी काही नाही, आणि ड्रोन दिसल्याबरोबर सगळे एकाच क्षणी सुरू. लेसरचे डायोड तापले तर तरंगलांबी सरकते, झोत बिघडतो, म्हणून पाणी ठरावीक तापमानालाच हवं. उपाय म्हणजे थंड पाण्याची टाकी आधीच भरून ठेवायची आणि फैरी चालू असताना तिच्यावर निभवायचं. ती टाकी संपली की थांबायचं. "एका फैरीला एक डॉलर" हा आकडा बातम्यांत फार फिरतो. तो फक्त इंधनाचा आहे. टाकी, चिलर, वाढीव जनरेटर आणि दोन माणसांचा पगार त्यात कुठेच नाही, आणि मला तो आकडा दिशाभूल करणारा वाटतो.

वर डेकवरही सोपं नाही. झोत मुठीएवढ्या जागेवर काही सेकंद धरून ठेवायचा असतो, आणि जहाज तर डुलतंय, थरथरतंय. काचेवर खार बसतो. हवेत बाष्प असेल तर झोत वाटेतच हवा तापवतो, ती तापलेली हवा भिंगासारखी वागून झोत पसरवते. मे महिन्यातल्या डांबरी रस्त्यावर समोरचं झाड कसं हलताना दिसतं, तोच प्रकार. कोकणातल्या जूनच्या हवेत असा झोत किती लांब जाईल, याचा विचार रत्नागिरीत वाढलेल्या आपल्या दोघांना वेगळा समजावून सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल मला जास्त हळहळ वाटते. विजेची तोफ. आपल्याला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकवताना सर बोटं आखडून उभे राहायचे, आठवतं? त्याच नियमावर ती चालते. तांब्याच्या दोन समांतर पट्ट्या, त्यांच्यामध्ये सरकणारा धातूचा तुकडा, आणि लाखो अँपिअरचा प्रवाह. दारू नाही, स्फोट नाही. व्हर्जिनियातल्या डालग्रेन इथे १० डिसेंबर २०१० रोजी त्यांनी ३३ मेगाज्यूलची फैर झाडली. वीजबिलाच्या भाषेत ही फक्त ९ युनिटं. मध्यमवर्गीय घराला दिवसभर पुरतील एवढी. पण ती सगळी एका सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात ओतायची! म्हणजे तेवढ्या क्षणापुरते ३३०० मेगावॅट. आपलं अख्खं कोयना धरण १९६० मेगावॅटचं आहे. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा पेन खाली ठेवून बाहेर गच्चीत जाऊन उभा राहिलो.

अर्थात जनरेटर एवढं देत नाही. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या रांगा सावकाश भरायच्या आणि एकदम सोडायच्या. पण मिनिटाला दहा फैरी हव्या असतील, तर नळीच्या तोंडाशीच सरासरी साडेपाच मेगावॅट लागतात, आणि वाटेतला तोटा धरला तर त्याच्या दुप्पट तरी. 'प्रेबल'सारख्या विनाशिकेवर तीन मेगावॅटचे तीन जनरेटर, रडारसकट सगळं त्यांच्यावरच. गंमत अशी की त्याच जहाजात एक लाख अश्वशक्तीच्या गॅस टर्बाइन आहेत, पण त्या गिअरबॉक्समधून थेट शाफ्टला जोडलेल्या. ती ताकद जहाज ढकलणाऱ्या पंख्यालाच जाते, वीज वाटणाऱ्या बसबारवर येत नाही. 'झमवॉल्ट' ही अमेरिकी विनाशिका मात्र वेगळी बांधली. सगळ्या टर्बाइन वीज करतात, ७८ मेगावॅट, आणि पंखे मोटरवर फिरतात. वेग कमी केला की उरलेली वीज हवी तिकडे वळवता येते. असं जहाज मिळालं, पण विजेची तोफ त्यावर कधी चढलीच नाही. २०२१ साली अमेरिकेने तो प्रकल्प थांबवला, पैसा दुसऱ्या क्षेपणास्त्रांकडे वळवला. 'झमवॉल्ट'च्या साध्या तोफाही काढून त्या जागी क्षेपणास्त्रांच्या नळ्या बसवायला घेतल्या.

नळीच्या झिजेनेही त्यांना फार छळलं. मी आयुष्यभर विजेच्या सर्किट ब्रेकरच्या चाचण्या घेतल्या, त्यामुळे हे मला हाताला कळतं. शॉर्ट सर्किटच्या एका चाचणीनंतर कॉन्टॅक्ट उघडून बघितला की तांबं कुरतडल्यासारखं दिसायचं, बोटाला काजळी लागायची. तिथे प्रवाह होता काही हजार अँपिअर. इथे त्याच्या शेकडोपट, आणि वर सरकता तुकडा सेकंदाला अडीच किलोमीटरच्या वेगाने पट्टी घासत निघतो. त्यात दोन्ही पट्ट्या एकमेकींना ढकलून नळी फाडायला बघतात. तरी मला तो प्रकल्प सोडायला नको होता असं वाटतं. जपानने तो सोडला नाही. २०२३ साली त्यांनी 'असुका' या जहाजावरून समुद्रात फैर झाडली आणि यंदा खऱ्या जहाजाला नेम लावून दाखवला.

आपल्याकडेही काम चालू आहे. या विजेच्या तोफेवर आपल्या पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत संशोधन झालंय. मी तिथून रोज जायचो आणि भिंतीआड हे चाललंय याची कल्पना नव्हती. आणि १३ एप्रिलला डीआरडीओने कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेसरने ड्रोन पाडलं, अर्थात जमिनीवरून.

आता जे तुला आवडणार नाही तेही लिहितो, कारण तुला गोड बोलून खोटी आशा लावायची नाही. लेसर सरळ रेषेत जातो. क्षितिजापलीकडे जात नाही, धुक्यात दमतो. युद्धनौकेवर तो बसला तर ती नौका स्वतःकडे येणारं ड्रोन पाडेल. पण दहा-पंधरा किलोमीटरवर तुझा टँकर चाललाय आणि ड्रोन तुझ्यावर येतंय, तर एवढ्या लांबून आडव्या जाणाऱ्या लक्ष्यावर झोत धरून ठेवायला आजच्या यंत्रांत दम नाही. तुझ्यासाठी अजून काही वर्षं तरी ते महागडं क्षेपणास्त्रच हवं. ते उडतं तेव्हा त्याची किंमत मोजू नकोस.

माणसांच्या डोळ्यांचं तू विचारलंस. कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेसरवर १९९५च्या आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे आणि भारत त्यात आहे. परावर्तित झोताचं काय, ही काळजी मात्र मला खरी वाटते.

एक काम कर. बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जाताना आणि नंतर ऑगस्टमध्ये आखातात असशील तेव्हा, सी-चेस्टला, म्हणजे जहाज समुद्राचं पाणी आत घेतं तिथे, येणाऱ्या पाण्याचं तापमान चार-चार तासांनी मला टिपून पाठव. ३२ अंशांच्या पाण्यावर चिलर किती टन देतो आणि ३५ वर किती, हा माझा हिशेब अजून पुस्तकी आहे. तुझ्या लॉगमधले खरे आकडे मिळाले की पुन्हा मांडतो.

वहिनींना चिवडा दिलाय, त्यातला अर्धा तुझ्या सेकंड इंजिनिअरला दे.

तुझा,
अनंत