रक्तातच असतं, असं मुलांसमोर बोलू नका

संपादक साहेब, नमस्कार.
परवा मुलाच्या शाळेत ओपन हाऊस होतं, गणितात ४० पैकी ११, बाईंनी पेपर पुढे सरकवला आणि त्याच्यासमोरच म्हणाल्या, "घरात कुणाचं गणित कच्चं होतं का, रक्तातच असतं हे." पोरगं मान खाली घालून शर्टाचं बटण फिरवत बसलं, परळचा पूल येईपर्यंत एक शब्द नाही आणि मग म्हणालं, "बाबा, मी तुमच्यासारखाच ढ ना?" खरंच सांगतो, पोटात तुटलं.

आनुवंशिकता खोटी आहे असं माझं म्हणणं नाहीये. जुळ्यांवरचे ५० वर्षांचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठं विश्लेषण आलं, त्यात आनुवंशिकतेचा सरासरी ४९ टक्के आकडा निघाला, पण तो लोकांमधल्या फरकांबद्दलचा आकडा आहे हो, एका मुलाचं निम्मं नशीब बापाकडून ठरून आलं असा त्याचा अर्थ होतच नाही. उंचीचंच बघा ना, बरीचशी आनुवंशिक, तरी खाणंपिणं सुधारलं की पुढची पिढी उंच होते.

आणि 'मी कोण' हे पोर कुठून शिकतं? विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच सामाजिक 'मी' सांगितलाय, लोक आपल्याला जसं ओळखतात त्यातून बनणारा. आता बाईंनी जी ओळख दिली ती काही जीन्समधून आलेली नव्हती.

शाळांनी निदान मार्कांचं बोलणं पालकांशी एकट्यात करावं, एवढी विनंती छापा.

- एक पालक, परळ