जर्मन सोड, साउथ इंडियन झालोय

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "काय लेका, ब्रेड खाऊन खाऊन जर्मन झालास का नाही?" तेवढ्यात माझी ट्रेन आली आणि विषय राहिला, म्हणून आता निवांत लिहितोय.

जर्मन झालो तो फक्त सकाळी. पोहे-उप्पीट करत बसायला वेळ कुणाला आहे, बेकरीतनं ब्रेट्सल, म्हणजे वेटोळ्याच्या आकाराचा खारा पाव, घ्यायचं, मधनं चिरून लोणी लावून देतात, श्टुटगार्टात निम्मं गाव तेच चघळत कामाला जातं. दुपारी बाराच्या आधीच सगळं ऑफिस कँटीनला पळतं, त्यामुळं मलाही बाराला भूक लागायला लागलीय. रात्रीचं मात्र काही केल्या सुटेना. ही लोकं सहा-सातला गार ब्रेड, चीज, काकडी खाऊन मोकळी होतात, गॅस पेटवायचं नावच नाही. मला भातावर ओतायला काहीतरी गरम पातळ लागतंच रे. ओळखीतल्या सगळ्यांचं हेच, आधी नाष्टा बदलतो, रात्रीचं जेवण सगळ्यात शेवटी.

पण खरी गंमत पुढंच आहे. मी झालोय तो साउथ इंडियन आणि थोडा पंजाबी! इंडियन दुकानात जे मिळतं ते खायचं ना, मग डोशाचं पीठ, फ्रोझन पराठे, पनीर, बासमती. कराडला आमच्या घरात पनीर कधी आलेलं तुला तरी आठवतंय का? आता पाहुणे आले की तेच. ज्वारीचं पीठ मिळतं पण जुनं, उकळत्या पाण्यात मळलं तरी थापताना कडेनं फाटतं. इंद्रायणी नाही, म्हणून मऊ भाताला इथला मिल्शराइस घेतो, हे लोक तो दुधात शिजवून गोड खातात. तूप मात्र फर्स्ट क्लास, कारण इथं विरजण लावून केलेलं लोणी मिळतं, ते कढवलं की वास थेट आपल्या घरचा.

कोथिंबीर, भेंडी तुर्की दुकानातनं. 1961 साली पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला, ती माणसं आली आणि मागनं त्यांची भाजीही आली, त्यांच्या जिवावर आपली आमटी चाललीय बघ.

आणि एक ऐक, हे तुला आवडेल. इथं श्वाबेन भागात 'लिन्सेन मिट श्पेट्झले' म्हणून पदार्थ आहे, घट्टसर मसूर, त्यात व्हिनेगरचा आंबटपणा, सोबत मैदा-अंड्याच्या पिठाचे उकडलेले तुकडे आणि दोन सॉसेज. कँटीनला ताट बघितलं आणि वाटलं, वरणफळंच की ही! शेजारच्या श्वेबिश आल्बच्या पठारावर पूर्वी मसूर पिकायचा, नंतर परवडेना म्हणून बंद पडला आणि बियाणंही गेलं. 2006 मध्ये ते जुनं वाण सापडलं कुठं तर रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह इन्स्टिट्यूटच्या बियाणं-बँकेत, आता शेतकरी परत लावतायत. महाग आहे लेका, पण शिजून गाळ होत नाही. त्याचा मी हायवेवरच्या ढाब्यासारखा अख्खा मसूर केला, फोडणीत मिरची जास्त झाली आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला, वरच्या मजल्यावरची आजी खाली आली. तिला वाटीभर दिला. दुसऱ्या दिवशी वाटी परत करताना म्हणाली, चांगलाय, पण व्हिनेगर घालायला विसरलास.

तिखटाचा तेवढा प्रश्न आहे. इथल्या दुकानातलं नुसतं लाल, चवीला काही नाही. तर डिसेंबरात तुझा भाऊ येतोय त्याच्याकडं काकूंचा कांदा-लसूण मसाला दे, किलोभर तरी, दोन पिशव्यांत बांधून, नाहीतर त्याचे कपडे वर्षभर वास मारतील. साताऱ्याचे कंदी पेढे देऊ नको, दुधाचं काही बाहेरनं युरोपात आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. त्या जागेत ज्वारीचं ताजं पीठ बसेल का बघ.

तुझा,
पम्या