नोटाला धार हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक झाली की नोटाचा उपयोग काय, ही चर्चा पुन्हा सुरू होते. त्यावरून डेबियनबद्दल लिहावंसं वाटलं. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ही मुक्त संगणक प्रणाली मी बरीच वर्षं वापरतो. जगभरातले सुमारे हजार विकासक ती सांभाळतात. १९९८ पासून त्यांची लेखी घटना आहे आणि प्रकल्पप्रमुख ते दरवर्षी निवडतात.

मतपत्रिका ईमेलने येते. प्रत्येक नावाआधी रिकामा चौकोनी कंस. त्यात फुली नाही, आकडा लिहायचा: पहिली पसंती १, दुसरी २. दोघे सारखेच वाटले तर दोघांना एकच आकडा. शेवटची ओळ 'यापैकी कोणीही नाही'. तिलाही क्रमांक द्यायचा. मोजणीत प्रत्येक उमेदवाराची या ओळीशी समोरासमोर लढत लावतात. तिला हरवता आलं नाही तो बाद, मग बाकीच्यांच्या कितीही पुढे असो. ती ओळच जिंकली तर निवडणूक पुन्हा.

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेत नोटाने निकाल बदलत नाही. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी नोटा पहिला आल्यास फेरनिवडणुकीचा आदेश काढला, हे चांगलंच झालं. पण नोटाचं बटण दाबलं की उमेदवारांतला त्यातल्या त्यात बरा निवडायचा हक्क सोडावा लागतो, मग ते दाबणार किती जण? 'हा चालेल, बाकीचे नकोत' हे डेबियनचा मतदार एकाच कागदावर सांगतो.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी लिफ्टवर मतदान झालं. दुरुस्तीचे दोन प्रस्ताव, नव्या लिफ्टचा एक. दुरुस्तीवाल्यांची मतं १२ आणि ११ अशी फुटली आणि १४ मतांवर नवी लिफ्ट मंजूर झाली. सदतीसपैकी तेवीस जणांना ती नको होती! वर्गणी मात्र सगळ्यांनीच भरली. पसंतीक्रम विचारला असता तर हे टळलं असतं.

यंदाच्या वार्षिक सभेत इमारतीच्या रंगकामाचा विषय आहे. त्यासाठी क्रमांकाची मतपत्रिका छापावी आणि तिच्यावर 'यापैकी एकही नको' ही ओळ असावी, असा अर्ज मी सचिवांकडे दिला आहे. मोजणी किचकट होईल, असं ते म्हणाले. चाळीसेक कागद आहेत, मी स्वतः बसून मोजायला तयार आहे.

– एक वाचक, सांगली